गळ्यातली सवत

माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्यासाठी दोन दागिने घेतले गेले. एक मंगळसूत्र आणि दुसरी सवत.

सवत नांदेडच्या एका सराफाकडं मिळाली. अंगठ्याच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, वर दोरा ओवायला कडी आणि पत्र्यावर उठावात काढलेली एक बाई. आमच्याकडं शेतकरी घरांत ही रीत अजून आहे. बिजवराला दिलेल्या मुलीनं त्याच्या पहिल्या बायकोचा टाक गळ्यात घालायचा. बाई गेली तरी घर तिचंच असतं, दुसरी मागाहून येते, म्हणून मान आधी पहिलीचा. नवी साडी आधी टाकाला लावायची, मग नेसायची. कुंकू आधी तिला, मग आपल्याला. सकाळचा चहासुद्धा आधी तिला दाखवायचा. हे सगळं सासूबाईंनी मला दुकानातच, काचेच्या काउंटरवर कोपर टेकवून सांगितलं.

"इसरलं तर काय व्हतंय?" मी विचारलं.

"इसरून बगू नकोस," त्या म्हणाल्या.

दुकानातल्या माणसानं मखमलीचा ट्रे पुढं ठेवला. त्यात ओळीनं टाक मांडलेले होते, चाळीस-पन्नास तरी असतील, आणि सगळ्यांवर तीच बाई. तेच डोळे, तेच नाक, ओठांच्या कोपऱ्यात तेवढंच हसू. मी लातूरला शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात नऊ वर्षं काम केलेली बाई. शर्ट नाही शिवायचे मी, फक्त कॉलर. कॉलरमागून कॉलर. एकसारख्या वस्तूंचं मला भय नाही, त्यांच्यावरच माझं पोट चाललं. पण कॉलरी एकसारख्या निघाल्या तर आपण काम चांगलं झालं म्हणतो. तोंडाचं तसं नसतं.

"ह्यातली आमची कोणती?" मी त्या माणसाला विचारलं.

"ताई, साचा एकच असतो," तो म्हणाला. "आपण मानली की आपली."

सासूबाईंनी वजनाला जरा बरी वाटली ती उचलली. मी ती हातात घेऊन नीट बघितली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तिला कान नव्हते. केस गालांवरून सरळ खाली उतरले होते आणि तिथंच पत्रा संपला होता.

नांदेडला नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. माणूस चांगला, पण बोलण्याच्या बाबतीत कंजूष, आणि पहिलीबद्दल तर तोंड शिवल्यासारखा. कावीळ झाली, तिनं अंगावर काढली आणि आठ दिवसांत गेली, एवढं मला शेजारणीकडून कळलं. तिचा फोटो सासूबाईंनी माझ्या लग्नाआधीच भिंतीवरून काढून ट्रंकेत घातला होता. जुनी भिंतीवरून बघत असली की नव्या बाईचं मन लागत नाही म्हणे. भिंतीवरून उतरवलेली त्यांनी माझ्या गळ्यात बांधली, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

रजया काढताना मी तो फोटो एकदा बघितला. सावळी, भरल्या गालांची बाई. भुवया दाट, नाकावर एकमेकींना मिळालेल्या. तशाच भुवया पोरीच्या होत्या. माझं सगळंच उलटं. पाच वर्षांची असताना मी जात्याच्या कडेवर पडले, डाव्या भुवईत खोक पडली आणि तिथं पुन्हा केस उगवलेच नाहीत. पाहुणे बघायला यायचे तेव्हा माझी आई तिथं काजळाची काडी फिरवायची. पाहुणे पोहे खायचे आणि काजळासकट मला नापसंत करून जायचे. तेहतीस वर्षांची होईपर्यंत हेच चाललं.

पोरगी म्हणजे त्या पहिलीची मुलगी. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, मी आले तेव्हा पाचाची. मला मावशी म्हणायची. शहाणी होती, वयाच्या मानानं फारच शहाणी. वाढलं की जेवायची, अंथरूण टाकलं की झोपायची. मी घरी मशीन टाकलं होतं, गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, आणि ती मशीनजवळ बसून चिंध्यांच्या घड्या घालायची. कारखान्यातली खोड म्हणून माझ्या कानामागं कायम खडू खोचलेला असे. तो पडला की ती उचलून द्यायची, बोलायची मात्र नाही. अशी दोन वर्षं गेली. तिनं मला एकदा तरी आई म्हणावं असं मला वाटायचं. वाटायचं म्हणजे भूक लागावी तसं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. गळ्यातलीला सांगितलं असतं, पण तिला कान नव्हते.

मग आम्ही तिघी, म्हणजे सासूबाई, मी आणि पोरगी, माहूरला देवीला गेलो. भर दुपारची वेळ, पायऱ्या तापलेल्या, रांग हलत नव्हती. माझ्या पुढची बाई पदरानं वारा घेत मागं वळली आणि तिची नजर माझ्या गळ्यावर थांबली. माझी तिच्या गळ्यावर. तिच्याकडंही तीच होती.

"तुमची कधी गेली?" तिनं हळूच विचारलं.

"तीन वरसं झाली."

"माझी पाच. कशानं?"

"काविळीनं."

"माझी जळून." तिनं टाक ब्लाउजच्या आत सरकवला. "तोंड तर लई सारखं हाय की वो."

तिच्या टाकावरही तेवढंच हसू होतं. तेवढ्यात पोरीनं माझा हात ओढला. ती तीन-चार पायऱ्या खाली बघत होती. तिथं एक पोक्त बाई ओटीचा नारळ सांभाळत उभी होती, आणि तिच्याही गळ्यात ती होती.

"मावशी," पोरगी म्हणाली, "आई सगळ्यांकडं हाय."

ती घाबरून बोलली नाही. तिचा आवाज अगदी साधा होता. भीती मला वाटली.

घरी आल्यावर ते सुरू झालं. दारावर भाजीवाली आली की पोरगी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहायची आणि गळा निरखायची. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईचा पदर दोन बोटांनी बाजूला करायची, हळू, अगदी अदबीनं. काही बायका हसायच्या, काही दचकायच्या, एकीनं तिच्या हातावर चापट मारली. कुणाच्या गळ्यात तो टाक मिळालाच तर ती तोंड जवळ नेऊन बघायची आणि म्हणायची, "हितं बी हाय." मग शाळेतून निरोप आला. बाई वही तपासायला वाकल्या तर हिनं त्यांच्या गळ्यातली साखळी ओढून बाहेर काढली होती. काय शोधतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, आई इथं लपली का ते बघत होते.

त्यानंतर तिनं माझ्या हातचं खाणं सोडलं. मी घास पुढं केला की गळ्यातला टाक पुढं झुलायचा, आणि तिची नजर घासावर नसायची.

"ती हासून राहिली," ती म्हणायची. "ती आई न्हाई. तिनं आईला खाल्लं."

मी टाक पदराआड करून बघितला, पाठीवर टाकून बघितला. उपयोग झाला नाही. मी खोलीतून बाहेर गेले तरच ती अर्धी भाकरी आपल्या हातानं खायची. सासूबाई मीठ-मोहऱ्या ओवाळून थकल्या. पोरगी डोळ्यांदेखत वाळत चालली. मी मशीनवर बसायची आणि तेच तेच शिवून उसवायची.

एके दिवशी देवघर घासायला सासूबाईंनी जुने टाक ताम्हनात काढले. मी जवळ बसले होते. मी ते आजवर रोज बघत आले होते, पण नीट कधी बघितले नव्हते. एकाही तोंडासारखं दुसरं तोंड नव्हतं. एकाचं नाक वाकडं.

"ह्ये माझे सासरे," सासूबाई म्हणाल्या. "बैलानं मारलं तवापासून नाक तसंच व्हतं. आन् ही त्यांची माय. गाल बग कसा फुगलाय. पान सुटलं न्हाई कधी तोंडातलं."

वर्षानुवर्षं घासून ती तोंडं पुसट झाली होती. कान मात्र सगळ्यांचे चांगले ठसठशीत होते. सासूबाईंनी माझ्या गळ्यातल्या टाकाकडं बघितलं आणि हातातली चिंच खाली ठेवली.

"गलती माझी हाय," त्या म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

ते टाक कंधारच्या एका घरात केलेले होते. करणारा कधीच वारला होता, पण त्याचा मुलगा आता स्वतः म्हातारा होऊन अजून हातानं टाक करतो, असं कळलं. मी पोरीला घेऊन बसनं गेले. चांदी म्हणून माझे लहानपणचे वाळे बरोबर घेतले. माझ्या लेकराच्या पायात घालायचे म्हणून ते मी जपले होते. ते लेकरू अजून झालेलं नव्हतं.

म्हातारा ओसरीवर बसलेला होता. डोळ्यांवर जाड चष्मा, पुढं कुंडीत काळी राळ आणि डब्यात बोथट खिळ्यांसारखी हत्यारं. मी फोन काढून ट्रंकेतल्या फोटोचा फोटो दाखवायला गेले.

"फोटू ठेवा तिकडं," तो म्हणाला. "फोटूत माणूस फोटू काढायला बसलेलं असतंय. तिच्यासंगं ऱ्हायलेलं माणूस सांगंल, तसं मी काढीन. कोण सांगणार?"

"हिची आई व्हती," मी म्हटलं.

त्यानं पोरीकडं बघितलं, मग माझ्या गळ्यातला टाक नखांत धरून उन्हाकडं केला.

"हिला कान न्हाईत."

"हाव."

"मंग तुमी बोलता कुणासंगं?"

त्यांच्या घरची पद्धत अशी की टाकाला आधी कान काढायचे आणि डोळे सगळ्यांत शेवटी. गेलेल्या माणसाला बघायचं काही उरलेलं नसतं, म्हणाला, ऐकायचं मात्र असतं.

वाळे आटवून पत्रा करण्यात सकाळ गेली. दुपारी त्यानं राळ तापवून मऊ केली आणि पत्रा तिच्यावर बसवला. पोरीला समोर पाटावर बसवलं. मला म्हणाला, "तुमी तिकडं तोंड करून बसा. लेकरानं तुमच्याकडं बगून सांगाया नको." मी उंबऱ्यावर बसले, पाठ त्यांच्याकडं, तोंड रस्त्याकडं. समोर बोळ, पलीकडं किल्ल्याच्या तटाचा तुकडा आणि पांढरं ऊन. बोळात चिटपाखरू नव्हतं.

"याद कर, बाळ," मागून त्याचा आवाज आला. "आईचे कान कसे व्हते?"

पोरगी म्हणाली, "कानामागं खडू व्हता."

मागं हातोडीचा बारीक आवाज सुरू झाला, टक, टक.

"आन् केस?"

"मागं ओढलेले. केसात दोरा अडकलेला असायचा."

"हासायची कशी?"

"तोंडावर हात ठेवून."

"भुवया?"

"एका भुवईत वाट हाय," पोरगी म्हणाली. "बारीक. तिथनं मुंगी जाईल एवढी."

माझा हात आपोआप भुवईवर गेला. ती माझ्याकडं बघून सांगत नव्हती, तिला माझी फक्त पाठ दिसत होती. ती आठवून सांगत होती. दोन वर्षं न बोलता ती मला बघत आली होती, आणि बघता बघता तिच्या डोक्यात जिथं तिची आई होती तिथं मी जाऊन बसले होते. मी त्याच क्षणी उठून सांगायला हवं होतं की थांबा, ही ती नाही. मी उठले नाही, कारण मला आनंद झाला होता. लिहिताना लाज वाटते, पण झाला होता. जी मुलगी मला मावशीपलीकडं काही म्हणत नव्हती तिची मी आई होते. फक्त मेलेली. माझ्या पाठीमागं टक टक करत माझा कान झाला, कपाळ झालं, भुवई झाली, आणि मी उन्हाकडं बघत बसून राहिले.

म्हाताऱ्यानं हाक मारली तेव्हा पत्रा अजून पालथाच होता. टाक मागच्या अंगानं ठोकतात, त्यामुळं शेवटपर्यंत नुसते खळगे दिसतात. मी वाकून बघितलं. खळग्यांतून एक तोंड माझ्याकडं बघत होतं. मी डावीकडं सरकले तर तेही वळलं. उजवीकडं सरकले, तरी वळलं.

"पोकळ तोंड असंच करतंय," म्हातारा म्हणाला. "भिऊ नका."

त्यानं राळ तापवून पत्रा सोडवला, पुसला आणि उलटा केला. ती मी होते. माझ्या एकाही फोटोत मी इतकी माझ्यासारखी नव्हते. भुवईत वाट होती आणि कानामागं खडूचा उंचवटा.

"आई," पोरगी म्हणाली. तिनं टाक दोन्ही हातांत घेतला, गालाला लावला आणि खुदकन हसली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मावशी, भूक लागली."

मी डबा उघडला. तिनं माझ्या हातून सगळी भाकरी खाल्ली. टाक तिच्या मांडीवर होता. मी एकेक घास भरवत होते.

ती हात धुवायला नळावर गेली तेव्हा म्हाताऱ्यानं टाक उचलला, चष्मा वर केला आणि माझ्या भुवईकडं बघितलं.

"बाई, ह्यो तुमचा टाक हाय."

मी मान हलवली.

"काहून बोलला न्हाईत?" त्यानं चष्मा खाली घेतला. "जित्या माणसाचा टाक आमी काढत न्हाई. माझ्या बापानं काढला न्हाई, त्याच्या बापानं न्हाई. आज माझ्या हातानं झाला." त्यानं टाक पाटावर पालथा ठेवला. "लेकराचा दोष न्हाई, ते आईला इसरलंय. आन् माझ्या हातानं जे ऐकलं ते काढलं. घालायचा तर घाला. पोरगी खाईल, हासंल. पर तिची माय दोनदा मेली बगा. आन् तुमी जितेपणी एकदा."

माझ्यापुढं काय होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. तो टाक घालून घरी गेले असते तर पोरगी जेवली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. सासूबाईंची नजर अधू, नवरा माझ्या गळ्याकडं बघतच नसे. पण त्या भरल्या गालांच्या बाईला राहायला जगात एक जागा होती, त्या मुलीचं डोकं, आणि तिथं मी कायमची बसले असते. साच्यातल्या टाकानं निदान कुणाची जागा घेतली नव्हती, त्याच्यात कुणी नव्हतंच. हातानं केलेल्यात माणूस येतं, म्हणून चुकीचं माणूसही येतं.

"मोडा," मी म्हटलं. एवढा एक शब्द बोलायला मला फार जड गेलं.

"आटवणार न्हाई," तो म्हणाला. "जित्या बाईचं तोंड इस्तवात घालाया माझा हात धजणार न्हाई. ठोकून सपाट करतो. त्यातनं थोडं मागं ऱ्हातंय, ते ध्यानात ठेवा. कदी त्या तोंडाला कुणी हाक मारली तर तुमी ओ देऊ नका. जित्यानं तिकडनं ओ द्यायची नसती."

पोरीला त्यानं सांगितलं, अजून थोडं काम राहिलंय, आई इथंच थांबंल. निघताना तिनं ओसरीकडं बघून हात हलवला. आम्ही बोळाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा मागून हातोडीचा आवाज सुरू झाला. मी वळून बघितलं नाही.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं, मला आनंद झाला होता तेसुद्धा. तो तांब्याची तार बोटाला गुंडाळत बसला.

"मला न्हाई जमणार," तो म्हणाला.

"न जमायला काय झालं? मोटार जळाली तर जुने फेरे मोजूनच नवी गुंडाळता ना?" माझा आवाज चढला. "मंग ती कशी व्हती ते सांगा की. तुमच्याबिगर कुणाला ठाव हाय? पोरगी उपाशी हाय तुमची."

पुढच्या रविवारी तो दुकान बंद ठेवून आला. ह्या वेळी उंबऱ्यावर आम्ही दोघी बसलो, पोरगी आणि मी, रस्त्याकडं तोंड करून. मागं तो पाटावर, आणि राळेवर तोच ठोकून सपाट केलेला पत्रा.

"कान कसे व्हते?" म्हाताऱ्यानं विचारलं.

नवरा खाकरला. "बारके," तो म्हणाला. "एका कानाची पाळी फाटलेली. पोरीनंच डूल वढलं व्हतं, अंगावर पिताना."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. "मी?" तिनं आवाज न करता विचारलं. मी मान डोलावली.

"भुवया?"

"जुळलेल्या. लोक म्हनायचे, अशी बाई नवऱ्याला भारी पडती." त्यानं पाट मागं सरकवल्याचा आवाज आला. "न्हाई पडली. आपणच गेली."

त्यानंतर तो बोलतच राहिला. हसताना तिचा आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. भात गाळताना ती डावा डोळा मिटायची. रागावली की हनुवटी आत घ्यायची. मला तिचा हेवा वाटला. मी मेले तर ह्यातलं निम्मं तरी ह्याला माझ्याबद्दल सांगता येईल का, असं मनात आलं आणि डोळे भरले. पाठ करून बसल्याचा तेवढा फायदा असतो, तोंड कुणाला दिसत नाही. पोरीचा हात माझ्या हातात होता. थोड्या वेळानं तिनं तो सोडवून घेतला.

टाक उलटा केला तेव्हा पोरगी पुढं गेली नाही. लांबूनच बघत राहिली आणि तिचं तोंड उतरलं.

"ही कोण?" तिनं विचारलं.

नवऱ्यानं मान खाली घातली. म्हाताऱ्यानं भिंतीवरचा लहानसा आरसा काढून तिच्यापुढं धरला. तिनं आरशात बघितलं, मग टाकात, मग पुन्हा आरशात. भुवया नाकावर मिळतात तिथं तिनं बोट टेकवलं आणि तिला रडू फुटलं. आई गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली, असं नवरा नंतर म्हणाला. तिला त्यानं उचलून घेतलं. मी उंबऱ्यावरच उभी होते. त्या दिवसापासून आई कोण आणि मावशी कोण ह्यात तिची गफलत झाली नाही.

साच्यातला टाक म्हाताऱ्याकडंच ठेवला. त्यानं तो खिळ्यांच्या डब्यात टाकला, तिथंही ती हसत होती.

आता पोरगी जेवते, कुणाचे गळे निरखत नाही. शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्याजवळ येते, टाक दोन बोटांत धरते आणि फाटक्या पाळीच्या कानात काहीतरी सांगते. तिचं तोंड माझ्या गळ्याशी असतं, श्वास मला लागतो, शब्द कळत नाहीत. ते माझ्यासाठी नसतात.

पण म्हातारा खरं बोलला होता. सकाळी चहा दाखवताना खिडकीतून तिरपं ऊन आलं की तिच्या दाट भुवईत एक बारीक वाट दिसते. कधी असते, कधी नसते. दुसऱ्या, धड पाळीच्या कानामागं अंगठा फिरवला की काहीतरी उंच लागतं. नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला, चांदीची रेघ आहे. म्हटलं, बरं. मी गेल्यावर तिसरी केलीत तर नवा टाक घेऊ नका, ह्यात दोघींचं भागेल. त्याला हसू आलं नाही. मलाही नंतर आलं नाही.

पोरीला ते दिसत नसावं असं मी धरून चालले होते. परवा कानात सांगून झाल्यावर ती थांबली. तिनं टाक उन्हात जरा तिरका केला. बोट टाकातल्या भुवईवर ठेवलं, मग तेच बोट माझ्या भुवईवर.

"तू बी हायस हिच्यात," ती म्हणाली.

तिनं टाक फिरवून दुसरा कान आपल्या ओठांशी नेला, खडूचा कान. माझं तोंड तिच्या डोक्यावर वीतभर होतं, तिला वर बघून बोलता आलं असतं. ती त्या कानातच बोलली, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"आई," तिनं हाक मारली.

म्हाताऱ्यानं बजावलेलं मला शब्दन् शब्द आठवत होतं. मी ओ दिली.